बर्फावरचं अंतर

आवृत्ती बदलली मंगळवारी, दुपारी साडेचारला,
म्हणजे अंधार पडल्यावर.
टालिनमध्ये जानेवारीत दुपार नावापुरतीच,
डबा धुऊन येईस्तोवर खिडक्या काळ्या.

नवं काय काय, ते कळवलं होतं:
प्रत्येक विनंतीचा माग, उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत,
कुठली कुणासाठी खोळंबली,
कुलूप कुणाच्या हातात, किल्लीसाठी रांगेत कोण.
जुनं निदान शितावरून भाताची परीक्षा करायचं,
शंभरातली एक विनंती उचलून बोटांनी दाबून बघायचं.
हे शीत न् शीत मोजतं.
काइरे म्हणाली, आता तरी थांबेल आपलं
आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

बोटीच्या तिकिटांची प्रणाली आमची.
हीउमा बेटावर जायचं तर हीच वाट,
आणि शुक्रवारी सगळ्यांना एकदमच आठवतं
की आई तिकडे आहे.
पडद्यावर नुसतं चाक फिरत राहतं.
आम्ही तीन वर्षं सर्व्हर वाढवत होतो.
नवे. महागडे. रिकामे बसणारे.

शुक्रवारी रात्री पहिल्यांदा उघडला
ज्वालांचा आलेख. जिथे रुंद, तिथे वेळ जळतोय.
बाकी सगळ्या काटक्या,
मधोमध एक ओंडका.
तीनशे वीस मिलिसेकंद
काहीही न करणारे.

त्यावर टिचकी मारली तर थेट ओळीवर नेऊन सोडलं
(हेही नवंच), तारखेसकट, नावासकट.
हेल्दुर. एकोणीस वर्षांपूर्वी.
थांब, एवढंच लिहिलेलं. प्रत्येक तिकिटाआधी थांब.
आणि वर टीप: अंतर राखा. बर्फ वाकतो.

मी हसले. मग चिडले.
मग ती ओळ काढून टाकली.

अकरा मिनिटं सगळं लख्ख.
काल आणि आज शेजारी शेजारी ठेवून दाखवतं हे,
बाराव्या मिनिटाला
आज लाल झाला.
जागांच्या एकाच तक्त्यावर चारशे हात,
जो तो अर्धी किल्ली धरून,
दार कुणालाच उघडेना.
माशांचा ट्रक आणि फर्निचरचा ट्रक,
दोघांना एकच जागा विकली गेली.
ओळ परत लिहिताना
एवढ्याशा शब्दात मी दोनदा चुकले.

सकाळी हेल्दुरला फोन केला.
तो आता बेटावरच असतो, कार्डलाला, मधमाश्या पाळतो,
डाव्या कानाने ऐकतो.
म्हणाला, तुम्हा पोरींना कुठून माहीत असणार.
समुद्र गोठला की गाड्या वरूनच जायच्या पलीकडे,
आणि कोडबिड शिकण्याआधी मी किनाऱ्यावर उभा असायचो,
फरची टोपी, नाकाला थेंब.
एक गाडी सोडायची,
ती टिंबाएवढी झाली की दुसरी.
पट्टा लावू द्यायचा नाही कुणाला,
बुडालात तर निघता आलं पाहिजे.
लोक शिव्या द्यायचे, समोर रस्ता मोकळा दिसतोय की!
मोकळा दिसतो म्हणूनच तर, पोरी.
एका गाडीने काही होत नाही बर्फाला.
दोन जवळ आल्या की तो वाकतो.

मी विचारलं, टीप नीट का नाही लिहिली मग?
लिहिलीय की, म्हणाला.
आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच असल्यासारखं:
यंदाही धरला नाही. नुसतं पाणी दिसतंय इथून.

काइरेने आणि मी महिनाभर खपून
प्रत्येक जागेला तिचं तिचं कुलूप दिलं,
ओंडका तासत तासत नव्वदवर आणला.
अजून रुंदच दिसतो.
वरून विचारणा होते दर सोमवारी, हे काय, हे काढा ना.

या आवृत्तीत एक सोय आहे, कुणी वापरत नाही,
ज्वालेवर चिठ्ठी टोचता येते.
मी टोचली.
हेल्दुरचं नाव, फोन नंबर,
सकाळी दहाच्या आत,
डाव्या कानाने ऐकतो.